लाउईबाखचं राहिलेलं पान

९ मार्च २०२५, रविवार. टाकानिनी

छत्तीस वर्षं दुसऱ्यांची इतिवृत्तं लिहिली. आता निवृत्त ग्रामसेवक जयवंत रणपिसे, वय सदुसष्ट, मुलीकडे न्यूझीलंडला कायमचे येऊन राहिलेले. तेव्हा चार ओळी स्वतःच्याही लिहायला हरकत नसावी. वही संघमित्राने आणून दिली. "बाबा, लिहीत जा, नाहीतर दिवसभर आईच्या मागे लागता," म्हणाली. मुलगी इंजिनियर आहे, पण बोलते आपल्या आईसारखी.

लिहिण्याजोगं आज घडलं म्हणून सुरुवात. समोर ट्रूडीबाई राहतात. आमच्या भोवती सगळी नवी, एकसारखी घरं. त्यात यांचंच तेवढं जुनं लाकडी घर शिल्लक आहे. बाई मूळच्या स्वित्झर्लंडच्या, सत्त्याऐंशी वर्षांच्या. नवरा गेला, मूलबाळ नाही. डोळे अधू झालेत, मधलं काही दिसत नाही, फक्त कडेचं दिसतं. त्यांच्या गावाहून पत्र आलंय. लाउईबाख नावाचं दोनशे बारा लोकवस्तीचं गाव येत्या एक जानेवारीपासून शेजारच्या मोठ्या गावात विलीन होणार. त्याआधी ग्रामपंचायत शेवटचं पुस्तक काढते आहे. परदेशी गेलेल्यांनी गावाच्या इतिहासावर, अर्थव्यवस्थेवर लिहून पाठवावं, आठ पानांपर्यंत. इंग्रजी चालेल. मुदत एकतीस मे.

बाई म्हणाल्या, "मिस्टर जे, तुम्ही गावाचं दप्तर सांभाळायचात ना? मी सांगते, तुम्ही लिहा." मला कितीतरी दिवसांनी कोणीतरी कामासाठी विचारलं. छाती फुगली हे कबूल करतो.

१६ मार्च, रविवार

आज बसलो. मी दोन बोटांनी टाइप करतो, बाई सावकाश बोलतात, त्यामुळे जमतं.

त्यांच्याकडे एक पद्धत मला फार आवडली. पासपोर्टवर जन्मगाव लिहीतच नाहीत, मूळ गाव लिहितात. बाई जन्मल्या दुसऱ्याच शहरात, पण पासपोर्टवर लाउईबाख, कारण बापाचं, आज्याचं गाव ते. आणि नुसतं लिहिण्यापुरतं नाही. माणूस कंगाल झाला तर त्याला पोसायची जबाबदारी पूर्वी त्या मूळ गावावर असायची. मी म्हणालो, किती चांगली व्यवस्था! बाई हसल्या नाहीत.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांच्या वकिलाकडे कागद आहे की मेल्यावर अस्थी लाउईबाखच्या चर्चच्या आवारात पुराव्यात. इकडे आल्यापासून साठ वर्षांत त्या एकदाही तिकडे गेलेल्या नाहीत. "मी लिहिते ते सगळं त्यांनी छापलं, तर मी परत जाईन. नाही छापलं तर मला इथंच ठेवा."

म्हणजे हे लेखन छापून आलंच पाहिजे. मी त्यांना म्हटलं, बाई, काळजी सोडा. कार्यालयाला काय रुचतं ते मला ठाऊक आहे.

२ एप्रिल, बुधवार

लिखाण रंगात आलंय. जूनमध्ये गावातल्या सगळ्या गाई वरच्या डोंगरावर जातात. ते कुरण गावाच्या मालकीचं, आपल्या गायरानासारखं, पण कोणी अतिक्रमण करत नाही हे विशेष. कोणत्या घराने किती गाई न्यायच्या ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. सप्टेंबरात गाई उतरल्या की चीज वाटायचं, ज्याच्या गाईचं जितकं दूध तितकं. बाकी जंगल, लाकूड, आणि दारिद्र्य. मग १९५३ साली वर धरण झालं. वीज कंपनी पाण्यापोटी गावाला दरवर्षी भाडं देऊ लागली आणि दहा वर्षांत गावाचा नूर पालटला. आमच्याकडे धरण झालं की गावं उठतात, यांच्याकडे गाव उभं राहिलं. हे ऐकून मला मत्सर वाटला.

बाईंना गावाचा नकाशा सांगायला लावला. कोणत्या वळणावर कोणाचं घर, कोणाच्या दारात काय झाड, अडतीस घरं त्यांनी न अडखळता सांगितली. स्वतःचं सांगायचं राहून गेलं. मीही नंतर विचारायला विसरलो. वय झालंय दोघांचंही.

१३ एप्रिल, रविवार

जयंती उद्या, पण कार्यक्रम आज सुट्टीच्या दिवशी. पापाटोएटोच्या हॉलमध्ये आपली दोनशे माणसं. ट्रूडीबाईंना आग्रहाने नेलं. भाषणं मराठीत, तरी तासभर ताठ बसून ऐकली. जेवणात पुरी, वाटाण्याची उसळ, खीर. ही त्यांचं ताट घेऊन टेबलाशी खुर्ची ओढून उभी, आणि बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्यानेच जेवल्या.

घरी आल्यावर ही म्हणते, "त्या बाईंच्या स्वतःच्या घरीही मी दोनदा बघितलं. सिंकपाशी उभ्यानं खातात. टेबल आहे, खुर्च्या आहेत, तरी."

मी म्हणालो, युरोपियन लोकांची सवय असेल.

"माझी आई पाटलाच्या घरी खळ्याचं काम करायची. अंगणात उभी राहून खायची. मग म्हातारपणी आपल्या घरीसुद्धा तिला बसून जेवण गोड लागायचं नाही," ही म्हणाली.

कुठली गोष्ट कुठं नेऊन जोडते! स्वित्झर्लंडात कुठले आलेत पाटील.

११ मे, रविवार

आठ पानं झाली. आज बाईंनी एक अगदी वेगळाच मजकूर सांगितला. जसाच्या तसा उतरवून ठेवतो.

एक मुलगी होती, आठ वर्षांची. बाप लाकूड तोडताना ओंडक्याखाली गेला. आई वेड्यांच्या इस्पितळात. मुलीचं मूळ गाव लाउईबाख, म्हणून तिला पोसणं लाउईबाखवर आलं. पूर्वी अशा मुलांचा उलटा लिलाव व्हायचा, जो सर्वांत कमी पैसे मागेल त्याला मूल. पुढे लिलाव बंद झाला, पण विचारणं तेच राहिलं. रविवारी प्रार्थना सुटल्यावर कारभाऱ्याने चर्चपुढे विचारलं, हिला कमीत कमी पैशात कोण ठेवेल? एका शेतकऱ्याने हात वर केला. मुलगी त्या हाताकडे बघत होती. आठ वर्षं ती त्याच्या गोठ्यालगत झोपली. जेवायच्या टेबलापाशी तिला जागा नव्हती. तिला नावाने कोणी हाक मारत नव्हतं. सोळाव्या वर्षी ती निघून गेली.

मी विचारलं, "नाव काय त्या मुलीचं?"

"नाव नका लिहू. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील."

"तुमच्या ओळखीची होती का?"

"चहा करू का?" म्हणाल्या, आणि उठल्याच.

गोष्ट वाईट आहे. पण अर्थव्यवस्थेच्या प्रकरणात ती कुठं बसवायची हा प्रश्नच आहे. शिवाय आता मजकूर नवव्या पानावर गेला.

२७ मे, मंगळवार

ट्रूडीबाई काल बागेत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आम्ही दोघं जाऊन आलो. गुंगीत होत्या, हिचा हात सोडत नव्हत्या. मधेच डोळे उघडून मला म्हणाल्या, "मिस्टर जे, शनिवार. पाठवाल ना?" मी शब्द दिला.

३० मे, शुक्रवार

मुदत उद्या संपते. आज दिवसभर बसून पक्की प्रत केली.

तो मुलीचा भाग काढला.

नीट विचार करून काढला, तो असा. एक, मर्यादा आठ पानांची आहे. दोन, पुस्तक गौरवाचं आहे. गाव स्वतःचं शेवटचं पुस्तक काढतंय आणि त्यात, तुम्ही मुलं विकलीत, असं कोण छापेल? एका परिच्छेदापायी सगळंच केराच्या टोपलीत जायचं आणि बाईंच्या अस्थी इथंच राहायच्या. त्यांची इच्छा मोठी की तो परिच्छेद मोठा?

इथं खोटं लिहायचं नाही म्हणून आणखी लिहितो. तालुक्याला मासिक अहवाल जायचा. त्यात एक रकाना होता, मागासवर्गीयांवरील अन्यायाच्या तक्रारी. छत्तीस वर्षं मी त्यात 'निरंक', म्हणजे एकही नाही, असं लिहिलं. आमच्याच वस्तीचं पाणी चार महिने तोडलं होतं त्या वर्षीही निरंकच लिहिलं, कारण वर स्वच्छ कागद गेला की खाली कामं होतात. रस्ता झाला, समाजमंदिर झालं. नोकरी टिकली, पोरगी शिकली. मला ती रीत चुकीची होती असं म्हणता येत नाही. बरोबर होती असंही मोठ्याने कधी म्हटलेलं नाही.

संध्याकाळी संघमित्राला पाठवायला सांगितलं. "बाबा, त्यांना एकदा विचारलंत का? उद्यापर्यंत हीप्स ऑफ टाइम आहे."

"गुंगीत आहेत त्या. आणि मला कळतं यातलं."

"ओके, तुम्ही म्हणाल तसं." पाठवलं.

३ जून, मंगळवार

मजकूर स्वीकारला! ग्रामपंचायतीचं उत्तर आलं, फार सुंदर लिहिलंय, छापतो आहोत. मी बाईंना हॉस्पिटलात सांगितलं तर त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "सगळं?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, हो, आठही पानं. खोटं नव्हतं ते.

बाई रडत होत्या. मला वाटलं, जन्मात एक काम चोख झालं.

१९ ऑक्टोबर, रविवार

बऱ्याच दिवसांनी वही उघडली. ट्रूडीबाई आता घरी येणार नाहीत. पापाटोएटोच्या वृद्धाश्रमात असतात. आम्ही दर रविवारी ट्रेनने जातो, तिथूनच किराणा घेऊन येतो. ही भाकरीचा तुकडा आणि लोणी डबीत नेते. बाई कॉटवर बसून खातात, आता उभं राहवतच नाही.

सगळ्या नर्सना सांगून झालंय की पुस्तक येणार आहे. आपण गावी परत जाणार आहोत, हेही. पूर्वी चर्चच्या आवाराचं नाव निघालं की मान फिरवायच्या. आता मला तिथलं अक्रोडाचं झाड सांगतात.

४ डिसेंबर, गुरुवार

पुस्तक आलं. जाडजूड, गुळगुळीत कागद. परदेशातल्यांचा मजकूर डावीकडे मूळ भाषेत, उजवीकडे जर्मनमध्ये. सोबत बाईंच्या नावाचं बंद पाकीट.

लगेच ट्रेन पकडली. त्यांना उशीला टेकवून बसवलं. म्हणाल्या, "वाचा. सावकाश." मी वाचलं. कुरणं, गाई, चीजचं वाटप, धरण. प्रत्येक पानावर मान हलवत होत्या. आठवं पान संपलं, मी पुस्तक मिटलं.

त्या वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि माझं पान?"

"कुठलं?"

"माझं. त्या रविवारचं."

तेव्हा कळलं मला. अडतीस घरं आणि स्वतःचं एकही नाही. ही म्हणत होती ते उभं राहून खाणं. एवढी वर्षं लोकांचे अर्ज वाचण्यात घालवली आणि समोर बसलेली बाई मला वाचता आली नाही.

मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "काढलं त्यांनी." आवाज अगदी शांत होता. "मला माहीतच होतं. वेडी मी, सहा महिने त्यांना माफ करून बसले होते."

मी काढलं, असं मी म्हणायला हवं होतं. त्याऐवजी पाकीट पुढं केलं, तर म्हणाल्या, "त्यांचं पत्र मला नको. फेकून द्या." मी ते खिशात घातलं आणि घरी आलो. हिला अजून काही सांगितलेलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

बाईंनी बोलावून घेतलं. नवा कागद करायचा होता. अस्थी लाउईबाखला पाठवू नयेत, मानुकाऊच्या खाडीत सोडाव्यात. एवढंच, दोन ओळी. साक्षीदार दोन पाहिजेत, एक नर्स आणि एक मी.

"तुमच्यावर माझा विश्वास आहे, मिस्टर जे. तुम्ही माझं सगळं लिहिलंत."

मी सही केली. आयुष्यात हजारो कागदांवर केली, अशी एकही नव्हती. बाहेर येऊन बाकावर बसलो आणि रडलो. एक सामोअन आया थांबून पाठीवरून हात फिरवून गेली. तिला वाटलं, माझं कोणीतरी गेलं.

११ डिसेंबर, गुरुवार

आज हिला सगळं सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. म्हणाली, "ते पत्र कुठंय?"

कोटाच्या खिशात होतं. जर्मनमध्ये. संघमित्राने फोन धरून वाचून दाखवलं. लाउईबाखच्या ग्रामसेविकेचं पत्र, आमच्याच खात्याची बाई म्हणायची. तिने लिहिलंय, तुमची पानं सर्वांना आवडली. एक खंत राहिली. जुन्या नोंदवहीत आम्हाला लोकांकडे ठेवलेल्या सतरा मुलांची नावं सापडली. त्यांत एक गर्ट्रूड आहे. ती तुम्हीच का? त्या मुलांपैकी कोणीतरी स्वतः लिहील म्हणून आम्ही वाट पाहिली. कोणीच लिहिलं नाही, म्हणून नुसती नावं छापली, पान एक्क्याण्णव. अजून लिहिलंत तर एकोणीस डिसेंबरला आमची शेवटची ग्रामसभा आहे, तिथे मी ते उभी राहून वाचेन.

पुस्तक काढून पान बघितलं. वरून सहावं नाव.

ही म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जा."

मी म्हटलं, असं तोंडी सांगून चालणार नाही. नीट खुलासा लिहून नेतो.

१४ डिसेंबर, रविवार

खुलासा तीनदा लिहिला. पहिला कच्चा खर्डा फार लांब झाला. दुसऱ्यात कारणंच जास्त झाली. तिसरा बरा आहे, तोही इंग्रजीत करून घ्यायचा आहे. ही माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, निघून जाते. मंगळवारी नक्की जातो.

१६ डिसेंबर, मंगळवार

गेलो. काल दुपारी बाईंना झटका आला. डावी बाजू गेली, वाचा गेली. डोळे उघडे होते. नर्स म्हणाली, बोला, ऐकू येत असेल कदाचित.

खुलासा खिशातच ठेवला. त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, ट्रूडी, गावाने नाही काढलं. मी काढलं. ते तुमची वाट बघतायत. तुमचं नाव छापलंय त्यांनी. तीनदा म्हणालो. पान एक्क्याण्णव उघडून त्यांना डोळ्याच्या कडेने दिसेल असं धरलं.

त्यांना कळलं की नाही ते मला माहीत नाही. कळलं, असं इथं लिहून ठेवायचा मोह होतोय. पण मला माहीत नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

ट्रूडीबाई पहाटे गेल्या. ते पान मी परवाच ग्रामसेविकेला पाठवलंय, या वेळी एकही शब्द न काढता, आणि नावासकट. त्या गेल्याचंही आज तिला कळवलं.

वकिलाला फोन केला, म्हटलं त्या दुसऱ्या कागदामागे गैरसमज आहे, माझ्यामुळे झालेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, त्यांनी नंतर स्वतः काही बदललं का? मी म्हटलं, नाही. "कागद स्पष्ट आहे, मिस्टर रणपिसे. त्यावर तुमचीच सही आहे."

२३ डिसेंबर, मंगळवार

खाडीवर आम्ही चौघं. वकील, एक नर्स, ही आणि मी. भरती होती. हिने त्रिसरण म्हटलं, दुसरं काय म्हणणार. राख पाण्यावर थोडा वेळ राहिली, मग दिसेनाशी झाली.

१८ जानेवारी २०२६, रविवार

नाताळची सुट्टी संपून परवा उत्तर आलं. लाउईबाख आता कागदावर नाही, बाई नव्या मोठ्या पंचायतीच्या कचेरीतून लिहिते आहे. शेवटच्या सभेला चौऱ्याऐंशी माणसं होती. ट्रूडीचं पान वाचल्यावर पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला. हात वर करणाऱ्या त्या शेतकऱ्याचा मुलगा. मग सगळेच उभे राहिले. शेवटचा ठराव त्यांनी तिच्या नावाने केला. चर्चच्या आवारात अक्रोडाखाली तिला कायमची जागा, खर्च गावाचा. पत्राच्या शेवटी विचारलंय, तिला आम्ही कधी न्यायला येऊ?

दोन दिवस ते पत्र घेऊन नुसता बसलो होतो. आज उत्तर लिहिलं. लिहिलं की आता नेण्यासारखं इथं काही राहिलेलं नाही. लिहिलं की ते पान मे महिन्यात मी काढलं, तिला न विचारता, आणि तिला वाटलं तुम्ही काढलं, आणि मी गप्प बसलो.

पाठवण्याआधी हिला मराठीत वाचून दाखवलं. कितीतरी दिवसांनी ही माझ्याजवळ येऊन बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एक राहिलं. ती त्यांच्यावर रागावून गेली. तेही लिहा."

ते लिहिलं, आणि पाठवून दिलं.